कॅनडाहून हुबळीला, कॉलर उलटवायला

माझ्या भावाचे शर्ट कॅनडाहून हुबळीला यायचे, कॉलर उलटवायला. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, तुमच्या भावाला तिकडं शिंपी मिळत नव्हता काय. आम्हीही तेच विचारायचो. सगळ्यात मोठ्यानं मी विचारायचे, कारण मी पडले घरातली नणंद, आणि मनात आलेलं गिळून टाकायची सवय मला कधी लागलीच नाही.

पण मला सांगायचंय ते माझ्या वहिनीबद्दल, गोदावरीबद्दल.

ती हुबळीशेजारच्या उणकलची. तळ्याच्या अलीकडं तिच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं, तिथं ती दहाव्या वर्षापासून मशीनवर बसायची. शिकली कन्नड शाळेत, मॅट्रिकपर्यंत. अंगानं बारीक, आवाज खालचा. शिवताना तोंडात टाचण्या धरून बसायची, त्यामुळं तिला कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायची गरज नसायची. मला वाटायचं, ही मुलगी भोळी आहे बिचारी. अशी चूक मी जन्मात दुसरी केली नाही.

माझा भाऊ आनंदा, आमचा अण्णा, गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपात टर्नर होता. दाजीबानपेठेत अप्पांचं खणांचं आणि लुगड्यांचं दुकान, एकुलता एक मुलगा, तरी हा गादीवर बसायचा नाही. लेथवर लोखंड कातायची हौस. सत्त्याहत्तर साली कुणा ओळखीच्या फिटरच्या मागं लागून फॉर्म भरला आणि गेला कॅनडाला. अप्पा चार महिने त्याच्याशी बोलले नाहीत, म्हणजे पत्रातून. एकोणऐंशीच्या मे महिन्यात तो रजेवर आला, आईनं आधीच बघून ठेवलेली गोदावरी त्याला दाखवली, आठवड्यात लग्न झालं, आणि बेचाळीस दिवसांनी तो परत गेला. त्या बेचाळीस दिवसांत घरी किती पाहुणे होते विचारू नका. नवराबायको एकमेकांशी बोलली असतील तर मशीनच्या खडखडाटाआड. वहिनीनं त्याला सहा शर्ट शिवून दिले आणि अण्णा तासन्‌तास मशीनशेजारी बसून म्हणे शिवण शिकत होता. आम्ही खूप चिडवलं. टर्नरचा शिंपी झाला म्हटलं.

जाताना तो सांगून गेला, गोदाला बोलावून घेतो. बायकोसाठी तिकडं अर्ज करायचा, मग दिल्लीत मुलाखत, मग व्हिसा. त्या दिवसापासून वहिनी मनानं निम्मी कॅनडात होती. आमच्याकडं एक जुना शाळेचा नकाशा होता, तो तिनं मशीनच्या वरच्या भिंतीला लावला. धागा ओवताना नजर तिकडं. मी म्हणायचे, "बघून बघून भोक पडेल की त्याला." ती टाचण्यांतून हसायची.

आता आमच्या घरची पत्रांची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पत्र यायचं दुकानाच्या पत्त्यावर आणि अप्पांच्या नावावर. परदेशचं पाकीट दिसलं की शेजारचे दुकानदार गादीवर येऊन बसायचे, गिऱ्हाईक थांबायचं, चहा यायचा, आणि अप्पा चष्मा पुसून मोठ्यानं वाचायचे. "तीर्थरूप अप्पांस शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडं खुशाल आहे." मग थंडी किती, काम किती, देवाची पूजा करतो की नाही. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांचे नमस्कार संपल्यावर, "सौ. गोदावरीस आशीर्वाद." बस. बायकोला वेगळं पत्र लिहायचं म्हणजे वडिलांना ओलांडून जायचं, तसलं आमच्याकडं कुणी केलं नव्हतं. वहिनीची उत्तरंही तशीच. अप्पा पत्र लिहायचे, आई चार ओळी सांगायची, आणि शेवटी अप्पा विचारायचे, "सूनबाई, तुझं काही?" ती दाराआडून म्हणायची, "नमस्कार लिहा, मामंजी."

पत्रांच्या जोडीला आले शर्ट. पहिला शर्ट दिवाळीला आला. कॉलर घडीवर विरलेली. अण्णानं अप्पांना लिहिलं होतं, इथं शिलाई फार महाग, तेव्हा कॉलर उलटवून पाठवावी. कॉलर उलटवणं आपल्याकडं सगळे करतात. शिवण उसवायची, विरलेली बाजू खाली घालायची, परत शिवायची, शर्ट आणखी दोन वर्षं चालतो. पण त्यासाठी सात समुद्र ओलांडून पार्सल? अप्पा चिडायचे. "टपालखात्याची धन करतोय," म्हणायचे. तरी पार्सल स्वतः उघडायचे, शर्ट हातात घेऊन कॉलर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळायचे. ती त्यांची जन्माची खोड. कुणाच्याही अंगावरचं कापड चोळून बघायचे, आणि डोळे मिटून सांगायचे की हे इलकलचं, हे गुळेदगुड्डचं, यात सुताला रेशीम कितपत आहे. मग शर्ट वहिनीपुढं टाकायचे. "घे, तुझं काम आलं."

वहिनी तो घेऊन माडीवर जायची आणि दोन दिवसांनी कॉलर उलटवून आणायची. पार्सल परत कॅनडाला. वीस महिन्यांत नऊ वेळा. नव्याकोऱ्या शर्टांच्या कॉलरी पाच-सहा महिन्यांत विरायच्या. मी म्हटलं, "अण्णा काय मानेनं लेथ चालवतो काय?" आईसुद्धा हसली. वहिनी नेहमीसारखी टाचण्यांत गुंतलेली.

एक्याऐंशीच्या जानेवारीत दिल्लीचं बोलावणं आलं. घराचं लग्नघर झालं. फेब्रुवारीच्या अठरा तारखेला मुलाखत, येताना लग्नाचा दाखला, फोटो आणि नवराबायकोचा पत्रव्यवहार आणायचा, असं त्यात लिहिलेलं. अप्पांनी अण्णाची सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून दोऱ्यानं शिवली, वर पुठ्ठा घातला, पुठ्ठ्याला हळदकुंकू लावलं. सोबत मी जायचं ठरलं, कारण घरात बी.ए.ची इंग्रजी माझी. आणि बायकांना एकटं कसं सोडायचं म्हणून अप्पाही निघाले, आयुष्यात पहिल्यांदा पुण्याच्या पुढं.

निघायच्या सकाळीच नववं पार्सल आलं. अप्पांनी ते दुकानात उघडलं आणि टांगा उभा असताना शर्ट तसाच वहिनीच्या हातात दिला. "आता उलटवायला वेळ कुठला. बरोबर घे. हातातल्या पिशवीत ठेव, ट्रंकेत नको."

हुबळी ते मिरज, मिरजेला गाडी बदलली, पुण्याला परत बदलली आणि झेलम एक्स्प्रेसमध्ये बसलो. मी इतकी खूश होते की वहिनीला क्षणभर सोडलं नाही. तिला इंग्रजी उत्तरं घोकून घेतली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायला ती तयार नव्हती, ते मी भुसावळपर्यंत वीस वेळा म्हणायला लावलं. दोन-तीनदा तिनं पिशवीतून शर्ट काढला, कात्री काढली, माझ्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं आणि परत ठेवलं. मी म्हटलं, "अगं, कॉलर कुठं पळून जातेय? बाहेर चंबळ बघ की."

दिल्लीत थंडी होती. कॅनडाच्या कचेरीत आत फक्त वहिनीला आणि दुभाषी म्हणून मला सोडलं. अप्पा बाहेरच्या बाकावर बसले, काळी टोपी, कोट, गुडघ्यावर हात. वहिनी पिशवी त्यांच्याजवळ ठेवायला लागली तर म्हणाले, "ठेवू नकोस. आत घेऊन जा."

आत एक चष्मेवाली गोरी बाई होती आणि तिचा हिंदी दुभाषी. वहिनीचं हिंदी ऐकून दुभाष्यानं कपाळाला हात लावला, मग बाईंनी मला बोलायला परवानगी दिली. सुरुवात झकास झाली. नवऱ्याचं नाव वहिनीनं एका दमात सांगितलं आणि लाजून लाल झाली. मग बाईंनी लग्नाचा फोटो मागितला. तो पुढं ठेवताना मी पहिल्यांदा तिच्या नजरेनं बघितला. फोटो होता एकच, सगळ्या खानदानाचा. त्यात अण्णा अप्पांशेजारी उभा, वहिनी आईशेजारी बसलेली, आणि दोघांच्या मध्ये सतरा माणसं. आमच्या फोटोग्राफरला थोरामोठ्यांत नवरानवरी जवळ बसवायची लाज वाटली होती.

बाईंनी पुठ्ठ्याची वही उघडली. दुभाष्याला मराठी बऱ्यापैकी वाचता येत होतं. तो एकेक पत्र चाळून इंग्रजीत सांगत गेला. वडिलांना नमस्कार. वडिलांना थंडी. वडिलांना पूजा. बाईंनी विचारलं, "यातली हिला लिहिलेली कुठली?"

मी सांगितलं, "शेवटची ओळ."

"वीस महिन्यांत नवऱ्यानं हिला एकही पत्र लिहिलं नाही?"

मी रीत समजावून सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं, वाईट नव्हत्या त्या. पण हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बेचाळीस दिवसांचा संसार, एकत्र फोटो नाही, पत्र नाही, मग हे लग्न खरं आहे असं मी कशावरून समजू. मग त्यांनी वहिनीलाच अण्णाविषयी विचारायला घेतलं, आणि वहिनी धडाधड सांगायला लागली. कामाची पाळी दुपारी तीनची. सकाळी ब्रेड आणि केळं खातात. घरमालकिणीला गुडघेदुखी आहे आणि तिच्या कुत्र्याचं नाव पेपर. दिवाळीत डाव्या अंगठ्याला भाजलं, नख गेलं, आता नवीन येतंय. मी तिच्याकडं बघतच राहिले. अण्णाचा अंगठा भाजला? आम्हाला तर तो खुशाल होता.

बाईही बघत होत्या. "हे या पत्रांत कुठंच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं? कुणी पढवून पाठवलं का?"

मी हे भाषांतर करून सांगितलं तशी वहिनीनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. ती बाईंकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मला काही कळेना. मी म्हटलं, "वहिनी, बोल गं बाई, नाहीतर आत्ता इथंच सगळं संपतंय." नकाशा, ट्रंक, आईनं कुटून ठेवलेली चटणी, सगळं डोळ्यांपुढं आलं.

वहिनीनं पिशवीतून शर्ट काढला. टेबलावर पसरला. मग कात्री काढली, तशी दुभाषी खुर्ची मागं घेऊन उठला. तिनं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. कॉलर उलटी धरली आणि शिवण उसवायला लागली, एकेक टाका. टाके जाड दोऱ्याचे होते, पुरुषाच्या हाताचे. कॉलर उघडली. आतल्या कॅनव्हासच्या अस्तराखालून पातळ निळ्या कागदाची लांबट घडी निघाली. ती तिनं बाईंपुढं ठेवली आणि मान खाली घालून मला म्हणाली, "वन्सं, रागावू नका. अशी अजून आठ घरी आहेत. मशीनच्या खणात."

पत्र कन्नडात होतं. दुभाष्यानं ते उलटं-सुलटं धरून बघितलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणजे आपल्या सख्ख्या भावानं बायकोला लिहिलेलं पत्र परक्या बाईपुढं मोठ्यानं वाचून इंग्रजीत सांगायचं माझ्या नशिबी आलं. वाचलं. अजून पाठ आहे मला.

"गोदा, या वेळची कॉलर मी भिंतीच्या दगडावर घासली, फार घासली गेली. आईनं विचारलं तर सांग, इथलं पाणी जड आहे. नवी खोली घेतली. तिला खिडकी आहे. खिडकीखाली तुझं मशीन बसेल, मी मापून बघितलं, वर चार बोटं जागा उरते. तुझ्यासाठी बर्फातले बूट आणलेत. जाताना तुझं पाऊल कागदावर काढून आणलं होतं, त्या मापाचे. रोज दारात माझ्या बुटांशेजारी ठेवतो. मुलाखतीला घाबरू नकोस, विचारतील ते खरं सांग. फक्त कॉलरचं कुणाला सांगू नकोस. आणि मंगलीला तर मुळीच नको, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

इथं मी थांबले. बाई म्हणाल्या, पुढं? मी म्हटलं, पुढं महत्त्वाचं काही नाही. दुभाषी म्हणाला, एक ओळ राहिलीय. मेल्याला कन्नड येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. मग सांगितलं मी, तीळ आणि भिजणं सगळं समजावून सांगितलं, आणि ही मंगली कोण असं बाईंनी विचारल्यावर तेही सांगितलं. बाई इतका वेळ सरळ बसल्या होत्या, त्या चष्मा काढून हसायला लागल्या. हसत हसत डोळे पुसले. शर्ट उचलून त्या उसवलेल्या कॉलरीत बोट घालून बघितलं, आणि वहिनीला विचारलं, हे परत शिवता येईल का. वहिनीनं इंग्रजीत उत्तर दिलं, मी न शिकवलेलं. "टू मिनिट्स, मॅडम." आणि खरंच शिवून दाखवलं.

बाईंनी कागदावर सही केली. दवाखान्यातली तपासणी झाली की व्हिसा मिळेल म्हणाल्या. मला तर तिथंच नाचावंसं वाटत होतं.

बाहेर अप्पा उठून उभे राहिले. "काय झालं?"

"मिळाला," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढली, परत घातली. "काय बघितलं त्यांनी?"

वहिनीनं पिशवी पदराआड घेतली. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, नऊच्या नऊ शर्ट आले होते. मी म्हटलं, "तुमचीच फाईल बघितली, अप्पा. पानन्‌पान वाचली."

अप्पा खूश झाले. परतीच्या प्रवासात डब्यातल्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं, पत्रं नीट शिवून ठेवली की सरकार विश्वास ठेवतं. मी तिकडं अण्णावर दात-ओठ खात होते आणि वहिनीला डोळे वटारून दाखवत होते. ती पदर तोंडाशी धरून हसत होती. भोपाळच्या पुढं मलाही हसू आवरेना, अप्पांना वाटलं मला गारठ्यानं हुडहुडी भरली.

एप्रिलमध्ये ती गेली. स्टेशनवर अर्धी पेठ आली होती. ट्रंकेत चटण्या, पेढे, अण्णासाठी शेंगांची पोळी आणि मशीनच्या खणातली आठ पत्रं. ते मशीन मात्र माडीवरच राहिलं. गाडी हलली तशी तिनं खिडकीतून माझा हात धरला. "वन्सं, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"तिकडं गेल्यावर अण्णाला सांग," मी म्हटलं, "तीळ भिजला म्हणून."

ती रडत होती आणि हसतही होती. मीही तशीच. पण घरी येऊन रिकामी माडी बघितली तेव्हा कळलं, ज्या माणसाशी मी बडबड करायचे तेच नेमकं निघून गेलं होतं. आता पत्रं यायची, दुकानात वाचली जायची, आणि शेवटी असायचं, "चि. मंगलास आशीर्वाद." वहिनी वीस महिने कशावर जगली असेल ते मला तेव्हा समजलं.

ऑगस्टमध्ये अप्पांनी दुकानातून निरोप धाडला, लगेच ये. जाऊन बघते तर कॅनडाचं पार्सल उघडलेलं आणि आत अण्णाचा शर्ट. विरलेल्या कॉलरीचा. शेजारचे दुकानदार हसत होते. "अहो, आता तर शिंपीणच घरात आहे की त्याच्या, मग कॉलर इकडं कशाला?"

अप्पांनी त्यांना हसू दिलं. त्यांनी शर्ट उचलला. नेहमीसारखी कॉलर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून सावकाश चोळली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोळे मिटलेले. मग शर्ट माझ्या हातात दिला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "या वेळी तुझ्यासाठी दिसतंय. माडीवर जा, दार लावून घे आणि मग उलटव."

मला शिवणाचा एक टाका येत नव्हता. कॉलर मी दातांनी उसवली. आत वहिनीचं पत्र होतं, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी भरलेलं. शर्टांच्या कारखान्यात तिला काम मिळालं होतं. बर्फातले बूट अगदी बरोबर बसले होते. अण्णानं तिकडं घेतलेलं नवं मशीन खिडकीखाली बसलं होतं आणि वर चार नाही, पाच बोटं जागा उरली होती. खाली लिहिलं होतं, मी नोकरी करते हे मामंजींना इतक्यात कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल.

खाली आले. अप्पा गिऱ्हाईकापुढं खण उलगडत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "खुशाल आहे ना पोरगी?"

"होय, अप्पा."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि गिऱ्हाईकाला कापडाचा काठ दाखवायला लागले.

गेल्या वर्षी अप्पा गेले. जाईपर्यंत पेठेत सांगत होते, सुनेचा व्हिसा माझ्या फाईलवर झाला. मी एकदाही त्यांना अडवलं नाही. आता मला बऱ्यापैकी कॉलर शिवता येते.